उमसुनाईनं घेतलेली नावं

ताल्दी-केचू गावात नदीकडे जाणारी वाट जिथे संपते, तिथे उमसुनाईचं घर. त्यापुढे नुसता पूल. अंगणातल्या लाकडी चौथऱ्यावर चहा घेत बसलं की पुलावरून कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या घोड्याचा नाल वाजतोय, सगळं आपोआप कळायचं. पण "आत्ता कोण गेलं गं?" असं कुणी विचारलं तर उमसुनाई सांगायची, "ते पहाटे खोकणारे गेले. त्यांच्यामागून गाढवाशी भांडणारे."

नाव ती घेत नसे. लग्न होऊन आली त्या दिवशी सासूनं तिला पांढऱ्या पडद्याआड बसवून कानात एकेक नाव सांगितलं होतं, आणि सांगितलं ते अशासाठी की ते पुन्हा तिच्या तोंडून कधी निघू नये. नवऱ्याचं, सासऱ्याचं, थोरल्या दिराचं, धाकट्यांचं, चुलत सासऱ्यांचं. ताल्दी-केचू म्हणजे सगळी एकाच कुळाची वस्ती, त्यामुळे या बंद नावांत गावातला जवळजवळ प्रत्येक पुरुष आला. बाकीच्या सुनांनी पुढे हे सैल सोडलं. आजकालच्या पोरी तर नवऱ्याला फोनवर खुशाल नावानं हाक मारतात. उमसुनाईनं मात्र दिलेला शब्द पाळला. नवरा ओरोजाली, त्याला ती 'घरचे' म्हणायची. एखादं नाव जिभेच्या टोकाशी आलंच तर चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकायची.

बाकी बाई साधी. नमाज चुकवायची नाही. दर गुरुवारी कढईत तेल तापवून बोर्सोक, म्हणजे कणकेचे छोटे तुकडे, तळायची, कारण तळणीचा वास गेलेल्या माणसांपर्यंत पोचतो आणि त्यांचं पोट भरतं. पहिला घाणा शेजारी वाटल्याशिवाय स्वतः तोंडात टाकायची नाही. त्या उन्हाळ्यापर्यंत तिच्याविषयी सांगण्यासारखं एवढंच होतं.

पूल म्हणजे दोन जाड तारांवर टांगलेल्या फळ्या. सामूहिक शेतीच्या काळात मेंढरं पलीकडच्या कुरणात न्यायला तो बांधलेला. अलीकडच्या टोकाला एक फलक होता, एका वेळी दहाच माणसांनी जावं असा. त्याला शेळ्या अंग घासायच्या. त्या वर्षी नवरोजच्या आधी जिल्ह्याच्या गावाहून माणसं आली आणि पुलाला सुंदर निळा रंग देऊन गेली. सगळं गाव खूश. फक्त शेजारची काल्बूबू-अपा (थोरल्या बाईला आमच्याकडे अपा म्हणतात), जिच्या तोंडाला कुणी लागत नाही, ती म्हणाली, "म्हातारीच्या गालाला लाली लावली म्हणून ती नाचायला लागत नाही रे, बाबांनो." लोक हसले आणि पुलावरून कुरणात गेले.

कुरणाच्या वरच्या चढावर कबरस्तान. गावातला प्रत्येक पुरुष आणि प्रत्येक बाई शेवटी त्याच पुलावरून जाणार, हे ठरलेलं.

ऐन गवतकापणीत ओरोजाली गेला. गंजीला टेकून "जरा पाठ टेकतो" म्हणाला, तो उठलाच नाही. अंगणात लोकरीचा गोल तंबू उभा राहिला आणि त्यात त्याला ठेवलं. मुलगा रशियात बांधकामावर, तो वेळेत पोचण्यासारखा नव्हता. सून मीरगुल घरात होती. तिसऱ्या दिवशी उजाडताच चौघेजण फावडी घेऊन पलीकडे कबर खणायला गेले. दुपारी मोल्दोनं, म्हणजे गावच्या मुल्लानं, जनाज्याची नमाज पढवली आणि पुरुषांनी ताबूत उचलला.

बायका कबरस्तानात जात नाहीत. त्या तंबूत भिंतीकडे तोंड करून, कमरेवर हात ठेवून बसतात आणि विलाप करतात. विलापातले शब्दही ठरलेले. जाऊ नका, मागे फिरा, मला कुणावर टाकून चाललात. उकाडा होता म्हणून तंबूची खालची लोकर वर गुंडाळून ठेवली होती, मध्ये नुसता बोरूचा पडदा. विधवेची जागा भिंतीला अगदी लागून. त्यामुळे बोरूच्या काड्यांमधून नदीचा काठ दिसत होता तो एकट्या उमसुनाईलाच.

मयताला खांदा देणं हे पुण्याचं काम. चार पावलं आपण द्यायचा आणि मग मागच्याला जागा द्यायची, त्यामुळे सगळे ताबुताला चिकटून चालतात. फलकाकडे कोण बघतो? आणि मयताला "थांब, आधी दहाच जण" असं म्हणायला कुणाची जीभ उचलते? पुढे थोरला दीर एशिमबाय, मागे खांदा दिलेला त्याचा मुलगा उलान, आणि त्यांच्यामागे गाव. सगळे निळ्या पुलावर.

तेव्हा उमसुनाईला दिसलं. अलीकडच्या ज्या खांबाला तार बांधली होती, त्याच्या बुडाशी माती फुगत होती. फडक्याखाली कणीक फुगते तशी, हळूहळू, बिनआवाजाची. मग तिला चिरा पडल्या. खांब वाकला आणि त्याच्यावरचा निळा रंग सालीसारखा सुटला.

"थांबा!" उमसुनाई ओरडली. "मागे फिरा! जाऊ नका!"

शेजारच्या बायकांनी लगेच सूर उचलला आणि त्याही मोठ्यानं रडू लागल्या. काल्बूबू-अपा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रड गं, रड. मोकळी हो." बाहेर पुलावर पुरुषांना तो आवाज गेला. काहींनी बाहीनं डोळे पुसले. मागे कुणीही वळून बघितलं नाही.

एक नाव घेतलं असतं तर बघितलं असतं. बाईच्या तोंडून आपलं नाव, तेही या बाईच्या, म्हटल्यावर एशिमबाय जागच्या जागी उभा राहिला असता, आणि तो थांबला की ताबूत थांबला. नाव तिच्या ओठाशी आलंही होतं. चहा नव्हता, तरी तिनं ते गिळलं.

मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. हवेतून काहीतरी शीळ घालत गेलं. बोरूच्या काड्यांमधून जी निळी रेघ दिसत होती ती नाहीशी झाली, आणि तिच्या जागी पलीकडचं कुरण स्वच्छ दिसू लागलं. तंबूत बायका अजून रडत होत्या, एका माणसासाठी. त्या कितीतरी वेळ तशाच रडत राहिल्या. बाकीच्यांसाठी रडायचंय हे त्यांना माहीतच नव्हतं.

नऊ जण गेले. उलान त्यांतला एक. एशिमबायचा पाय तेवढ्यात पलीकडच्या मातीवर टेकला होता, म्हणून तो राहिला. कबर खणणारे चौघे फावडी तिथेच टाकून पाण्याकडे धावले आणि हाताला लागले तेवढे जीव त्यांनी ओढून काढले, अल्ला त्यांचं भलं करो. नवांचे देह दुसऱ्या दिवसापर्यंत मिळाले. पलीकडे जायला जवळची वाट नव्हती, म्हणून अलीकडेच लसूणघासाच्या शेतात त्यांना जागा दिली. ओरोजाली मात्र मिळाला नाही. खाली विलोच्या मुळांत त्याची पांढरी कल्पाक टोपी तेवढी अडकलेली सापडली. आणि सरकारनं सांगितलेल्या आकड्यात तो नव्हताच, कारण पुलावर चढला तेव्हा तो आधीच मेलेला होता.

मग काळ्या गाड्या आल्या. पिठाची पोती आली, कोळसा आला. चौकशीला आलेल्या साहेबांनी नदी मोजली, तार मोजली आणि टीव्हीवर सांगितलं, की पुलावर ठरल्यापेक्षा जास्त माणसं होती, फलक स्पष्ट होता.

"म्हणजे चूक मेलेल्यांची!" चहाच्या दुकानात कुणीतरी म्हणालं.

"नाही तर काय? त्यांनीच नाही का रंग दिला!"

"अरे, नशिबात होतं ते झालं..."

"नशिबाला खांब उपटता येतो होय रे? गंज लागला होता आतून! वरून निळा, आतून भुगा!"

"ओरोजालीनं नेलं त्यांना. एकटं जायला भ्यायला असेल."

हे शेवटचं बोलणं हळू आवाजात असे, पण ते सगळ्यांत दूर पोचलं. देशभर तेव्हा लोक पुलांविषयी बोलत होते. आपापल्या गावचे पूल दाखवत होते, शिव्या देत होते, दुवा देत होते. आणि त्यातच काठावरून कुणीतरी फोनवर घेतलेलं चित्रण घरोघर गेलं. चित्रात पूल, ताबूत, माणसं, आणि वर एका बाईचा आवाज. थांबा. मागे फिरा. जाऊ नका.

मीरगुलनं फोन आणून सासूपुढे धरला. "अपा, सगळ्या मुलखानं ऐकलंय हे. लोक लिहितात, असा विलाप जन्मात ऐकला नाही. एकीनं लिहिलंय, की हा आवाज ऐकून मी माझ्या आईसाठी पहिल्यांदा रडले."

उमसुनाईनं स्वतःचा आवाज ऐकला. आणि तो तिलाही विलापच वाटला. तिनं फोन पालथा घातला.

आठवड्याभरात राजधानीहून दोन बायका आल्या, जुने विलाप गोळा करणाऱ्या. भल्या होत्या. येताना साखर घेऊन आल्या, फातिहा म्हटली, चहा घेतला आणि मग त्यांतली एक हळूच म्हणाली, "अपा, तो विलाप आमच्यासाठी पुन्हा म्हणाल का? जपून ठेवू आम्ही."

"तो विलाप नव्हता, लेकी."

"मग?"

"खांब उपटत होता. तो बघून मी ओरडत होते."

साखरेचा पुडा तसाच राहिला. आपलं यंत्र पिशवीतून बाहेरही न काढता त्या निघून गेल्या. पण दारात मीरगुल होती आणि चुलीपाशी काल्बूबू-अपा. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं.

दुसऱ्या दिवशी एशिमबाय आला. फाटकातच उभा राहिला.

"आत या, काइनागा," उमसुनाई म्हणाली. थोरल्या दिराला आमच्याकडे काइनागा म्हणतात आणि सुनेला केलिन. "चहा..."

"चहा नको. खरंय का ते?"

"खरंय."

"तू बघितलंस."

"बघितलं."

"आणि ओरडलीस."

"ओरडले, काइनागा."

"ओरडतात तर सगळ्याच बाया! मयताच्या मागे कोण बाई गप्प बसते?" त्याचा आवाज चिरकला. "माझं नाव घ्यायचं होतंस. एकदा! मी वळलो असतो, केलिन. देवाशपथ वळलो असतो."

"तोंडाशी आलं होतं."

"तोंडाशी!" तो हसला, आणि ते हसणं ऐकून मीरगुल घरात पळाली. "तुझी सासू म्हणजे माझीच आई. तिनं तुझ्या तोंडाला लावलेलं कुलूप तू किती जपलंस ना! आता उलानलाही सांग, तोंडाशी आलं होतं म्हणून."

तो गेला. त्यानंतर त्यानं तिच्या घरचं पाणी घेतलं नाही.

आणि पलीकडे कबर उघडीच होती.

चौघे खणणारे खिंडीच्या वाटेनं मोठा वळसा घालून घरी आले, पण पुन्हा तिकडे जायला कुणी तयार होईना. उमसुनाईच्या चौथऱ्यावरून ती कबर दिसायची. चढावर खणलेल्या मातीचा तांबूस ढीग आणि त्यात रोवलेलं एक फावडं, उभं. खणलेल्या कबरीनं रिकाम्या पोटी रात्र काढू नये, असं म्हणतात. ही तर सबंध उन्हाळा तोंड उघडून बसली होती. उन्हाळा सरता सरता गावात एक म्हातारी गेली. मग काविळीनं एक तरणाताठा माणूस गेला. लोक त्या चढाकडे बघायचं टाळू लागले.

"माणसाचं तोंड बंद करता येतं," काल्बूबू-अपा लोकर पिंजता पिंजता म्हणाली. "कबरीचं कोण करणार? तिच्या हक्काचा माणूस मिळेपर्यंत ती दुसऱ्यांकडे मागणारच."

"तिच्या हक्काचा माणूस नदीत आहे, अपा."

"नदीत आहे का?" म्हातारीनं पिंजणं थांबवलं. "बघ बाई. मला काय माहीत."

उमसुनाईला माहीत होतं. गुरुवारी ती तळण काढायची तेव्हा कढईचा धूर अंगणावरून नदीकडे सरकायचा आणि पाण्याच्या मध्यावर जाऊन थबकायचा. पुढे जायचा नाही, विरायचाही नाही. आणि ओरोजालीचा घोडा. त्याची शेपटी दुखवट्याच्या रिवाजाप्रमाणे कापलेली होती. दिवस कलला की तो गवत सोडून नदीकडे तोंड करून उभा राहायचा. तो अलीकडच्या काठाकडे बघत नसे, पलीकडच्याही नाही. जिथे नुसती हवा होती तिथे, मधोमध, त्याची नजर असायची. कान टवकारलेले. आणि त्याची मान सावकाश थोडी डावीकडे वळायची, थांबायची, मग थोडी उजवीकडे. येरझाऱ्या घालणाऱ्या माणसाकडे बघावं तशी.

एकदा मीरगुलनंही ते पाहिलं. हातातली बादली तिनं खाली ठेवली.

"अपा, घोडा कुणाकडे बघतोय?"

"घरचे आहेत."

"कुठे?"

"पुलावर."

"अपा," मीरगुल अगदी हळू म्हणाली, "पूल नाहीये."

"त्यांना कुणी सांगितलंय का?"

पानं पिवळी पडली तेव्हा नवा पूल आला. तशाच दोन तारा, पण जाड, आणि खांबांच्या बुडाशी सिमेंट. रंग या वेळी दिला नाही. फलक मात्र पुन्हा तोच, दहा माणसांचा. मोठी माणसं उद्घाटनाला आली. फीत अलीकडे कापली, मटण अलीकडे खाल्लं, गाड्या अलीकडूनच परत गेल्या. पलीकडे कुणी गेलं नाही.

"फीत मजबूत होती हो," काल्बूबू-अपा म्हणाली. "कात्रीला जड गेली. पुलाचं बघू."

गावानं काठावर एक मेंढा देवाला दिला आणि दुसरा, जिवंत, आधी पुलावर घातला. मेंढा दोन फळ्या गेला आणि बसला. शिंगं धरून ओढला तरी उठेना. नंतर त्याला उचलून घरी आणावं लागलं. त्यानंतर महिनाभर पुलावर कुणी पाऊल ठेवलं नाही. मेंढरं वाळक्या गवतावर राहिली. घोडा मात्र रोज संध्याकाळी मधोमध बघायचा, आणि आता तिथे फळ्या होत्या. वारा नसताना त्यांतली एखादी जराशी दबायची. मग शेजारची.

पहिलं दहिवर पडलं. अजून थोडे दिवस, की जमीन गोठणार आणि कबर वसंतापर्यंत तशीच राहणार. मोल्दोनं जाहीर केलं, की शुक्रवारच्या नमाजेनंतर सगळ्या पुरुषांनी जाऊन ती बुजवायची.

मीरगुलनं बातमी आणली. उमसुनाई कणीक मळत होती.

"कोण जाणार?"

"सगळेच, अपा. एकट्यानं जायची कुणाची छाती नाही. म्हणून सगळे एकदम जाणार."

उमसुनाईचे हात कणकेत थांबले. "एकदम?"

"हो. एकमेकांना धरून."

शुक्रवारी दुपारी पुरुष पुलाच्या टोकाशी जमले. नव्या फलकाला पाठ लावूनच उभे राहिले. मोल्दो दुवा म्हणत होता. एवढ्यात उमसुनाई घरातून निघाली, एका हातात फावडं आणि काखेत पांढऱ्या फडक्यात बांधलेली कल्पाक. सरळ पुलाकडे.

"केलिन!" मोल्दो दचकला. "बायका कबरस्तानात जात नाहीत."

"मी पुलावर जातेय, मोल्दोके."

"आणि काखेत काय? टोपीची जनाजा नमाज नसते."

"नमाज त्यांची झालीय. तुम्हीच पढवलीत. टोपी नुसती ठेवायचीय."

तिनं बिस्मिल्ला म्हटलं आणि फळीवर पाय ठेवला. पूल हलला, पण गेला नाही. मधोमध आल्यावर एकाएकी गारवा लागला, तळघराचं दार उघडल्यासारखा, आणि वाळल्या गवताचा वास आला. अरुंद वाटेत समोरून माणूस आला की तो जसा अंग चोरून जागा देतो, तशी कुणीतरी तिला जागा दिली. तिनं मान वर केली नाही. ती पुढे गेली.

पलीकडच्या मातीवर पाय ठेवून ती वळली. एक बाई एकटी गेली, आणि आपण अजून दुवाच म्हणतोय! शरमेनं पुरुष पुलावर घुसले होते. पुढे एशिमबाय, त्याच्या मागे सगळे, एकमेकांच्या कोपरांना धरून, भिजलेल्या मेंढरांसारखे एका गठ्ठ्यात. तारा गुणगुणू लागल्या.

"थांबा!" उमसुनाई ओरडली. "मागे फिरा!"

आणि उन्हाळ्यात जे झालं तेच पुन्हा झालं. पुरुषांनी माना खाली घातल्या. एकदोघांनी बाहीनं डोळे पुसले. नवऱ्याच्या कबरीशी आलेली विधवा, ती दुसरं काय ओरडणार? गठ्ठा तसाच पुढे सरकत राहिला. तारांचा आवाज चढला.

उमसुनाईच्या तोंडाशी ते आलं. पडद्याआड कानात सांगितलेलं, इतक्या वर्षांत एकदाही बाहेर न पडलेलं.

"एशिमबाय!"

तो जागच्या जागी थिजला. त्याच्यामागे सगळेच थिजले.

"एशिमबाय," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज ओरडण्याचा नव्हता, घरात कुणाला जेवायला बोलवावं तसा होता. "तुम्ही एकटे या. बाकीच्यांनी मागे काठावर जायचं. मी हाक मारीन त्यानं यायचं."

मागचे मागे सरले. एशिमबाय एकटा चालत आला. तिच्या शेजारी येऊन उभा राहिला तेव्हा त्याचे दात वाजत होते. थंडी फार होती, असं नंतर त्यानं सांगितलं.

मग ती एकेक नाव घेऊ लागली. पहाटे खोकणारे, ते झुमाश. गाढवाशी भांडणारे, ते कोइचुमान. लांब मानेचे, ते सुयुनबाय. ती नावं तिच्या जिभेवर कधी बसलीच नव्हती, त्यामुळे ती कोऱ्या भांड्यांसारखी वाजत होती. आणि अलीकडच्या काठावर उभा असलेला प्रत्येक जण आपलं नाव ऐकताना असा चमकायचा, जणू आई मेल्यापासून त्याला कुणी हाकच मारली नव्हती. एक जण यायचा, मातीवर पाय टेकायचा, मग पुढचं नाव.

"आता तुराटला बोलव," एशिमबाय तिच्याकडे न बघता पुटपुटला. "तो भित्रा आहे. त्याला शेवटी ठेवलंस तर घरी पळून जाईल."

"तुराट!"

तुराट डोळे मिटून आला. कुणीतरी हसलं. त्या काठावर कितीतरी महिन्यांत ते पहिलं हसणं.

शेवटी मोल्दो आला. पूल रिकामा झाला. पुरुषांनी फावडी उचलली, आणि तेव्हा अलीकडच्या काठावरून ओरोजालीचा घोडा खिंकाळला. मालक कुरणातून परत येताना खिंकाळायचा तसा. सगळ्यांनी वळून बघितलं. वारा पडला होता. पुलाच्या मधोमध एक फळी दबली आणि सुटली. मग शेजारची. मग पुन्हा पहिली.

मोल्दो हलक्या आवाजात पढू लागला. बाकी कुणी हललं नाही.

"अजून एक राहिलाय," एशिमबाय म्हणाला.

उमसुनाईनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक दातात धरलं, सोडलं. "ओरोजाली," ती म्हणाली. ते तिलाच जेमतेम ऐकू आलं.

"मोठ्यानं, केलिन. पाण्याचा आवाज आहे."

"ओरोजाली! या. पूल आहे. मी धरून आहे, या."

फळ्या दबू लागल्या. एकेक, सावकाश, थकलेल्या माणसाच्या चालीनं, मधल्या फळीपासून त्यांच्याकडे. तारा मात्र अजिबात गुणगुणल्या नाहीत. शेवटची फळी दबली आणि सुटली. एशिमबायनं अर्धं पाऊल मागे घेतलं, दारात माणूस आला की आपण घेतो तसं, आणि स्वतःची टोपी काढून त्यानं छातीशी धरली. वाळल्या गवताचा वास त्यांच्यामधून चढाकडे गेला.

उमसुनाईनं कल्पाक कबरीच्या आतल्या कोनाड्यात ठेवली, तोंड किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला करून. मग पुरुषांनी माती लोटली. बाई तिथे उभी होती, पण तिला 'जा' असं कुणी म्हणालं नाही. परत येतानाही ते तसेच आले, ती आधी अलीकडे येऊन उभी राहिली आणि एकेकाला नावानं बोलावलं. एशिमबाय सर्वांत शेवटी आला. आल्यावर सरळ तिच्या अंगणात गेला, चौथऱ्यावर बसला आणि म्हणाला, "आता चहा दे."

त्या संध्याकाळी घोडा नदीकडे पाठ करून गवत खात होता. त्या हिवाळ्यात गावात दुसरं कुणी गेलं नाही. पुढचं अल्लाला ठाऊक.

ओरोजालीचं नाव तिनं पुन्हा घेतलं नाही. ते 'घरचे'च राहिले. बाकीची नावं मात्र मोकळी झाली, आणि ताल्दी-केचूत आता समोरून हाक आल्याशिवाय पुलावर कुणी पाय ठेवत नाही, मग मागे कितीही मोठा ताबूत असो. ताबुताला खांदाही आता दहाच जण देतात. बाकीचे काठावर थांबतात आणि आपली पाळी आली की जातात.

उन्हाळ्यात शहरातली माणसं गाड्या घेऊन येतात. तो विलाप जिथे झाला ती जागा त्यांना बघायची असते. हसत-खिदळत, फोन वर धरून, एकदम पंधरावीस जण पुलाकडे निघतात. चौथऱ्यावरून एक म्हातारी उठते, फडक्याला हात पुसत फाटकात येते आणि त्यांची वाट अडवून उभी राहते.

"आधी नावं सांगा," ती म्हणते.

"आमची? कशाला हो, अपा?"

"हाक मारायला," उमसुनाई म्हणते, आणि कुणाच्या परवानगीची वाट न बघता पुलाच्या पलीकडच्या टोकाकडे चालू लागते.